मस्कतहून मोजलेली भरती

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. तो तिकडे मस्कतला, मी इकडे भिवंडीजवळ, खारबावच्या पुढे खाडीकाठी. नावसुद्धा नाही घ्यायचं, तर मग घ्यायचं तरी काय? तर आमचा कुमार. मस्कतला इमारतींना परांच्या बांधायच्या टोळीत मजूर म्हणून गेला आणि नऊ वर्षांत त्याच टोळीचा सुपरवायझर झाला. पण त्याला विचारा, तू कोण रे बाबा, तर सुपरवायझर म्हणणार नाही. म्हणेल, मी उघडीच्या घरचा.

उघडी म्हणजे काय ते सांगते. लग्नाआधी मला तरी कुठे माहीत होतं! आमची भातशेती खाडीला लागून. खारं पाणी आत येऊ नये म्हणून लांबच लांब मातीचा बांध घातलाय. पण शेतात साचलेल्या पावसाच्या पाण्याला बाहेर जायला वाट हवी ना? म्हणून बांधात एक दगडी तोंड ठेवलंय आणि त्याला एकावर एक पाच लाकडी फळ्या. सुकती लागली, म्हणजे ओहोटी, की दोघांनी दोर लावून फळ्या ओढायच्या आणि शेतातलं पाणी खाडीत सोडायचं. भरती यायच्या आत फळ्या परत टाकायच्या. चुकलात आणि खारं पाणी आत शिरलं, तर तीन-तीन वर्षं त्या जमिनीत भात धरत नाही. हे काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे, आमच्या. माझे सासरे चिंधूबाबा करायचे.

मी माहेरची दिघाशीची, खाडीपासून लांबची. आमच्याकडचं पाणी सरळ वागणारं. ओढ्यातनं एकदा गेलं की गेलं, परत तोंड दाखवत नाही. इथे नांदायला आले तर खाडी दिवसातनं दोनदा भरते, दोनदा रिकामी होते. पहिले काही महिने मला अंथरुणात पडलं की वाटायचं, घर हलतंय. सासरे हसायचे. "हलू दे गो, सवय व्हईल," म्हणायचे. लग्नाला वर्ष झालं नाही तोवर कुमार मस्कतला गेला. पूर्वा तेव्हा पोटात होती.

त्याची तिकडे दुपारची जेवणाची सुट्टी झाली की इथे अडीच वाजलेले असायचे. रोज फोन. बाकीच्यांचे नवरे विचारतात, जेवलीस का. हा विचारणार, "आज तिथी काय?" मी कॅलेंडर बघून सांगायची, पंचमी. की लगेच याचं गणित सुरू. "तिथीची पाऊणपट. पंचमी म्हणजे पावणेचार. समुद्रात पावणेचारला भरती, आपल्याकडे आत यायला वर एक तास. पावणेपाच." मग गप्प. मी म्हणायची, "आहेस का गेलास?" तर हळूच म्हणायचा, "बांधावर उभा हाय मी. पाणी तिवरांच्या मुळांशी आलंय. बगळे उठले बघ." त्या मस्कतच्या उन्हात, लोखंडी पाइपांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सावलीत बसून हा माणूस डोळे मिटायचा आणि आमच्या खाडीवर येऊन उभा राहायचा. आणि खरं सांगते, तो बगळे उठले म्हणायचा तेव्हा कितीदा तरी इथे बगळे उठलेले असायचे. मला कळायचंच नाही की नक्की कोण कुठे आहे.

आधी राग यायचा हो. अरे, पोरीला ताप आहे, बायको एकटी धावतेय, आणि तुला बगळे सुचतात? मग सवय झाली. मग तर मीच विचारायला लागले, "आज भरती कधी रे?" केवढा खूश व्हायचा! त्याला वाटायचं, बायको आपल्यासाठी खाडीच्या प्रेमात पडली. पडलेच होते म्हणा. पण विचारायची ती कामासाठी.

झालं असं, सासरे वारले आणि उघडी आली चुलतसासऱ्यांकडे, महादूकाकांकडे. दोनच वर्षं त्यांनी सांभाळली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि ऑपरेशनचं नाव काढलं की माणूस घर सोडून पळतो. एका श्रावणात मला बांधावर घेऊन गेले आणि म्हणाले, "पोरी, मना पानी दिसत न्हाय. नुसता आवाज येतो. तू बघ आन् सांग." बाईमाणसाने उघडीवर उतरायचं नाही, असा आमच्या गावाचा रिवाज. त्यामुळे पहिल्या वर्षी आम्ही चोरासारखे जायचो. काका छत्री घेऊन रुबाबात पुढे, मी पाटी घेऊन मागे, गवताला निघाल्यासारखी. डोळे माझे आणि दोराची दोन टोकं दोघांच्या हातात.

दुसऱ्या वर्षी सगळ्या गावाला कळलं. कुणी चकार शब्द काढला नाही. विचारायचं ते काकांनाच विचारत, "काका, आज कवा काढनार?" आणि बघत माझ्याकडे. काकांनी मला एकच शपथ घातली होती, कुमारला कळता कामा नये. नाहीतर तो नोकरी सोडून धावत येईल. त्याच्या सुट्ट्या नेहमी लग्नसराईतल्या, चैत्र-वैशाखातल्या, तेव्हा उघडी कोरडी पडलेली. असं करत सात पावसाळे गेले. गावातल्या शेंबड्या पोराला जे माहीत, ते एकट्या उघडीच्या धन्याला माहीत नाही.

तो मस्कतहून वेळ सांगायचा आणि मी ती घेऊन बांधावर जायची. पण त्याचं गणित कॅलेंडरचं. डोंगराकडे पाऊस झाला असेल तर खाडी तिथी पाळत नाही. तो भरतीवरून हिशेब करून फळ्यांना तीन म्हणायचा, मी तीनला जाऊन बसायची, फळ्या निघायच्या साडेतीनला, कधी चारला, कधी त्याच्याही नंतर. हे त्याला मी कधी बोलले नाही. एवढ्या लांब बसून बिचारा पाऊणपट करतोय, त्याच्या गणितावर कशाला पाणी ओतायचं?

गेल्या वर्षी जूनमध्ये एक दिवस फोनवर तिथी न विचारताच बोलायला लागला. फॅमिली व्हिसा मिळाला होता. मस्कतच्या रुवी भागात त्याने एक खोली घेतली होती. खोलीचा व्हिडिओ पाठवला. भिंत, खिडकी, खिडकीला निळा पडदा, पंख्याने पडदा हलतोय, बस. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते सांगायला लाज वाटते. नऊ वर्षं नवरा कानात राहिला होता, आता घरात राहणार होता. "येशील ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हा काय प्रश्न झाला?" फोन ठेवल्यावर सुचलं. उघडी कोण बघणार? गावातली झाडून सगळी तरणी माणसं गोदामांत ड्युटीला जातात. शिफ्ट आठची, सुकती येणार अकराला, कोण थांबतंय? मी दोघातिघांना विचारलं. सगळे म्हणाले, बघू. बघू म्हणजे नाही, हे काय मला कळत नाही?

आषाढातल्या वद्य पक्षात कुमार आला. तीन तिकिटं घेऊन. परत जायचं होतं श्रावणातल्या षष्ठीला. नऊ वर्षांत पहिल्यांदा पावसाळ्यात आला होता. अंगणात उभा राहून पागोळ्यांखाली हात धरायचा, पूर्वाला म्हणायचा, "बघ, बघ." पोरगी माझ्याकडे बघायची, की याला झालंय काय? मी रोज ठरवायची, आज सांगते. आणि रोज तो निळ्या पडद्याचं काहीतरी काढायचा आणि माझं सांगणं राहून जायचं.

त्रयोदशीपासून पाऊस जो लागला तो थांबेचना. डोंगराकडचं सगळं पाणी खाली उतरलं. खारबावचा रस्ता बुडाला, वीज गेली, फोन मेले. आमचं घर उंचवट्यावर म्हणून आत पाणी नव्हतं, पण अंगणाच्या खाली सगळी एक नदी. आवणी, म्हणजे भातलावणी, होऊन पंधरा दिवस झाले होते. रोपांचे शेंडे तेवढे दिसत होते, मग तेही दिसेनात.

आणि त्या पाण्यावरनं काय काय येत होतं! भिवंडीकडची गोदामं फुटली असणार. लहान मुलांच्या गुलाबी चपला आल्या, शेकड्याने, तोंडं वर करून. खोकी आली. कुठल्यातरी कारखान्यातले लूमवरनं उतरलेले कोरे तागे आले आणि पाण्यात उलगडत गेले. लांबच लांब पांढरं कापड आमच्या भातावरनं चाललंय, आवाज नाही, काही नाही. पूर्वा टाळ्या वाजवत होती. कुमार ओट्यावर बसून बघत होता आणि म्हणाला, "मला तिकडं असंच स्वप्न पडायचं. सगळीकडं पाणी, आन् मी घरी." मला त्याच्याजवळ बसावंसं वाटलं, बसलेही. आणि मनात मात्र मोजत होते, रोपं किती दिवस पाण्याखाली तग धरतात. तीन दिवस. फार तर चार.

अमावास्येला सकाळी गाव आमच्या ओट्याशी जमलं. लडकू, नवशा, सगळे. "उघडीचं काय करायचं?" लडकूने विचारलं. विचारलं कुमारला आणि बघितलं माझ्याकडे. कुमारची छाती अशी फुगली! उघडीच्या घरचा माणूस घरी असताना गावावर वेळ आली होती. म्हणाला, "अमावास्या. पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. वर खाडीचा एक तास. सव्वाबाराला भरती पुरी. तीनला फळ्या काढू." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि परत माझ्याकडे बघितलं. मी पदराशी चाळा करत राहिले. काका भिंतीला टेकून बसले होते, ते उगाचच खोकले.

तीनला सगळे बांधावर. मी पण गेले. "तू कशाला आलीस? घसरशील," कुमार म्हणाला. बाहेर खाडी खरंच हातभर उतरली होती. आत शेतातलं पाणी बांधाच्या डोक्याशी आलेलं. कुणीही म्हणालं असतं, काढा. कुमारने दोर घेतला, दुसरं टोक नवशाच्या हातात दिलं. पण मी मधली धार बघत होते. डोंगराचं पाणी तांबडं असतं, खाडीचं काळपट. मधोमध तांबडा पट्टा रुंद होत चालला होता. म्हणजे वरून अजून लोंढा यायचा होता, आणि आत्ता उतरलेली खाडी परत चढणार होती. तेव्हा फळ्या बाहेर असल्या तर पाण्याच्या त्या जोरात परत बसणार नाहीत, दहा माणसं लावली तरी नाही.

"थांबा," मी म्हटलं.

नवशाने दोर सोडला. चटकन, एका शब्दावर. कुमारने नवशाकडे बघितलं, मग लडकूकडे, मग सगळ्यांकडे. कुणी त्याच्या नजरेला नजर देईना. "काय चाललंय?" तो म्हणाला. "हेमाली, घरी जा. ही उघडी हाय, चूल न्हाय."

बस. डोक्यात तिडीक गेली. "चूल?" मी म्हटलं. "सात वर्षं कोण काढतंय रे या फळ्या? काका? काकांना हाताची बोटं दिसत नाहीत! तू फोनवर तीन सांगतोस ना, मी तीनला इथे येते आणि चारपर्यंत ओली बसते, कारण तुझी तिथी या पाण्याला कुणी सांगितलेली नसते! रोज विचारते ना, भरती कधी? ते काय लाडात येऊन विचारते?"

हे शेवटचं बोलायला नको होतं. त्याचा चेहरा बघितला आणि माझे शब्द मलाच टोचले. सगळ्यांसमोर बोलले, ते तर आणखीच वाईट.

त्याने दोर खाली ठेवला आणि बांधावर बसला. थोड्या वेळाने मीही जाऊन त्याच्याजवळ बसले, निळ्या ताडपत्रीचा एक तुकडा होता तो दोघांच्या डोक्यावर ओढून. माणसं लांब जाऊन उभी राहिली. साडेतीनच्या सुमाराला खाडी परत चढायला लागली. उतरलेली हातभर भरली आणि वर वीतभर आली. कुमार बघत होता. फळ्या काढल्या असत्या तर काय झालं असतं, ते त्याला सांगायची गरज नव्हती.

दोन तास आम्ही तसे बसलो. लग्न झाल्यापासून दोघं मिळून काही न करता एका जागी दोन तास कधी बसलो असू, असं मला आठवत नाही. पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. समोरून एक तागा उलगडत येत होता, त्याचं टोक तिवरांत अडकलं आणि उरलेलं कापड पाण्यावर पसरत राहिलं. मधूनच मला वाटायचं, बांधच हळूहळू चाललाय, आम्हाला दोघांना घेऊन, खाडीच्या तोंडाकडे, तिथून पुढे त्याच्या मस्कतपर्यंत. त्याने एकदाच विचारलं, "माझ्या वेळा सगळ्या चूक होत्या?" मी म्हटलं, "चूक नव्हत्या. त्या नसत्या तर मी कधी येऊन बसले असते?" हे खरं होतं, त्याला बरं वाटावं म्हणून नाही बोलले. त्याने माझा हात हातात घेतला. हात थंडगार पडला होता, त्याचाही आणि माझाही.

सव्वापाचला तांबडा पट्टा पातळ व्हायला लागला. अडकलेलं कापड सुटलं आणि समुद्राकडे निघालं. मी उठले. "आता," म्हटलं. पाचही फळ्या काढल्या. आतलं पाणी जे सुटलं त्याचा आवाज वर गावात ऐकू गेला. तिसऱ्या दिवशी रोपांचे शेंडे वर आले. पिवळे पडलेले, चिखल लागलेले, पण उभे. थोडं खालच्या अंगाचं गेलं, बाकीचं वाचलं.

त्यानंतर कुमार दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. रुसला नव्हता. बघत होता. मी फळ्या काढायला निघाले की पाठोपाठ येऊन बांधावर बसायचा, आणि तिथी विचारायचा नाही.

षष्ठी आली. रस्ता मोकळा झाला होता, फोन लागत होते. तीन बॅगा भरून ओट्यावर ठेवलेल्या. टॅक्सी अकराला येणार होती. सकाळची सुकती होती म्हणून आठ वाजता मी आणि काका उघडीवर गेलो. बाहेरचं पाणी अजून पुरतं उतरलं नव्हतं, मी वाट बघत उभी होते. तर हा आला.

"हेमाली, तुला यायचं होतं का गं खरंच?"

"होतं म्हणजे? अजून यायचंय. आत्ता या पायांनी यायचंय. तुझ्या त्या निळ्या पडद्याच्या खोलीत मी रोज जाऊन येते, तुला काय माहीत!" रडू येत होतं, पण मी ते रागात घातलं. "पण हे कोण बघणार? मी नाही येऊ शकत."

"ते मला अमावास्येलाच कळलं," तो म्हणाला. "तुमच्या दोघींची तिकिटं मी काल रद्द केली. माझा करार डिसेंबरपर्यंत हाय. पुढची सही करणार न्हाय. मी येतो परत. उघडी मी सांभाळतो. तू लय केलंस. आता तू घरात आराम कर."

कुठल्याही बाईने देवापुढे साखर ठेवली असती. नऊ वर्षं मी तरी दुसरं काय मागत होते? आणि मला असा राग आला, असा राग आला, की दोर मी त्याच्या पायाशी आपटला.

"आराम? घरात? तू ये ना. डिसेंबरला ये, उद्या ये, जाऊच नको! पण उघडी मी देणार नाही कुणाला. तुला पण नाही. ती माझी आहे."

बोलून गेले आणि मलाच घाबरायला झालं. हे माझ्या आत आहे, ते मला तरी कुठे ठाऊक होतं? मला वाटत होतं, मी त्याचं ओझं वाहतेय. वर काका छत्रीखाली उभे होते, त्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

कुमारने माझ्याकडे बघितलं. मग त्याने नव्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काकांपाशी नेऊन ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलातनं खाली उतरला. माझ्या जागेवर नाही, पलीकडे. जिथे दुसऱ्या माणसाने उभं राहायचं असतं, तिथे. दोराचं टोक उचलून हाताला गुंडाळलं.

"मग मला शिकव," म्हणाला. "कवा ओढायचं ते तू सांग."

मी माझं टोक उचलून हाताला गुंडाळलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"आधी गप्प उभा राहा," मी म्हटलं, "आणि पाणी बघ."